जुने विमान विकत घेण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी कशी करून घ्यावी

जुने विमान पाहायला गेलेल्या खरेदीदारासमोर बहुधा तीन गोष्टी ठळकपणे ठेवल्या जातात : नवा रंग, कॉकपिटमधले नवे इलेक्ट्रॉनिक पडदे आणि अलीकडेच झालेल्या वार्षिक तपासणीची लॉगबुकातील सही. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना सुखावतात आणि तिसरी मनाला निर्धास्त करते. पण विमान घ्यावे की नाही हे ठरवायला या तिन्हींचा फारसा उपयोग होत नाही. वार्षिक तपासणी एवढेच सांगते की त्या दिवशी विमान किमान निकषांत बसत होते. खरेदीदाराला मात्र दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. विक्रेत्याने जे सांगितले ते खरे आहे का, आणि हे विमान पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडून किती खर्च मागणार आहे? ही उत्तरे मिळवून देणाऱ्या खरेदीपूर्व तपासणीला या क्षेत्रात ‘प्रीबाय’ म्हणतात. ती कशी ठरवावी, कोणाकडून करून घ्यावी आणि तिच्या निष्कर्षांचे काय करावे, याचा हा आढावा आहे. त्यातील बहुतेक तपशील पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचे आहेत, कारण वैयक्तिक खरेदी बव्हंशी त्याच विमानांची होते.

वार्षिक तपासणीत काय पाहायचे, हे नियमांत लिहिलेले असते. प्रीबायची मात्र नियमांत व्याख्याच नाही. त्यामुळे एका अभियंत्याच्या लेखी प्रीबाय म्हणजे तासाभराची प्रदक्षिणा आणि दुसऱ्याच्या लेखी सर्व झाकणे उघडून दोन-तीन दिवस चालणारे काम असू शकते. म्हणूनच काम सोपवण्यापूर्वी नेमके काय उघडायचे, कोणत्या चाचण्या करायच्या, कोणत्या नोंदी वाचायच्या आणि अहवाल कोणत्या स्वरूपात द्यायचा, हे लेखी ठरवून घ्यावे. ‘एकदा नजर टाका’ एवढ्या सांगण्यावर दिलेले पैसे वाया गेल्यात जमा असतात, आणि पुढे एखादा मोठा दोष निघाला तर त्या अभियंत्याला जबाबदार धरण्याचा आधारही उरत नाही.

तपासणी कोणी करावी

ज्या अभियंत्याने आजवर या विमानाची देखभाल केली किंवा गेल्या वार्षिक तपासणीवर सही केली, त्याच्याकडे हे काम देऊ नये. तो अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. परंतु त्याला स्वतःच्याच कामावर शेरा मारावा लागतो आणि त्याचा नेहमीचा ग्राहक विक्रेता असतो. एखाद्या माणसाकडून अशा स्थितीत परखडपणाची अपेक्षा करणे रास्त नाही. त्याच्याशी बोलावे मात्र जरूर, कारण विमानाच्या खोडी त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात.

स्वतंत्रपणाइतकेच महत्त्व त्या विशिष्ट मॉडेलच्या अनुभवाला आहे, आणि माझ्या मते ते जवळच्या कार्यशाळेच्या सोयीपेक्षा कितीतरी अधिक आहे. प्रत्येक विमानाची दुखणी ठरलेली असतात. मूनीच्या जुन्या विमानांत पंखातील इंधनटाक्यांचे सीलंट आणि केबिनभोवतीच्या पोलादी नळ्यांचा सांगाडा पाहावा लागतो. व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झात मागच्या नियंत्रण-पृष्ठांचा मॅग्नेशियमचा पत्रा पाहावा लागतो. सिरसमध्ये संकटात संपूर्ण विमान खाली उतरवणारे पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलून पुन्हा भरावे लागते आणि तो खर्च जवळ आला आहे की नाही, हे किमतीच्या चर्चेआधीच कळायला हवे. ज्याने अशी विमाने वर्षानुवर्षे उघडली आहेत, त्याचा हात नेमक्या जागी जातो. असा अभियंता दूर असेल, तर त्याला प्रवासखर्च देऊन बोलवावे किंवा विमान त्याच्याकडे न्यावे. त्या मॉडेलच्या मालकांच्या संघटना असे अभियंते सुचवतात आणि त्या मॉडेलसाठी खास तपासणी-याद्याही ठेवतात.

हात लावण्यापूर्वीचा करार

विमानाचे एकही झाकण उघडण्यापूर्वी खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात लेखी करार असावा. अनामत रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात ठेवावी आणि तपासणीच्या निष्कर्षांवरून खरेदीदाराला माघार घेता येईल आणि तेव्हा ती रक्कम परत मिळेल, हे स्पष्ट लिहावे. उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष दुरुस्त करण्याचा खर्च विक्रेत्याचा, आणि सौंदर्याचे किंवा सोयीचे दोष खरेदीदाराने स्वीकारायचे, अशी विभागणी बहुधा दोघांनाही मान्य होते. दुरुस्तीचा खर्च ठरावीक रकमेपुढे गेला तर दोघांपैकी कोणीही व्यवहारातून बाहेर पडू शकेल, हे कलम घालायला विसरू नये. सौदा फिसकटला तर उघडलेले विमान पुन्हा जोडण्याचे पैसे कोण देणार आणि चाचणी-उड्डाणात नुकसान झाल्यास कोणाचा विमा लागू होणार, हेही आधीच ठरलेले बरे.

येथे एका बाबीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. पैसे वाचवण्यासाठी अनेक जण प्रीबायऐवजी थेट नवी वार्षिक तपासणीच सुरू करायला सांगतात. कल्पना आकर्षक आहे, पण त्यात एक अडचण आहे. वार्षिक तपासणी म्हणून काम नोंदवले गेले आणि त्यात उड्डाणयोग्यतेचा गंभीर दोष सापडला, तर तो दूर होईपर्यंत विमान तेथेच अडकू शकते. ते अद्याप विक्रेत्याच्या मालकीचे असते, कार्यशाळा खरेदीदाराने निवडलेली असते, आणि दुरुस्ती कोणी, कोठे, कोणत्या दराने करायची यावरून वाद पेटतो. त्यापेक्षा काम प्रीबाय म्हणून सुरू करावे, सौदा मोडू शकणाऱ्या बाबी आधी पाहाव्यात, आणि सर्व ठीक निघाले तर दोघांच्या संमतीने त्याच कामाचे पुढे वार्षिक तपासणीत रूपांतर करावे. उघडलेली झाकणे दोनदा उघडावी लागत नाहीत आणि मालकीची सुरुवात नव्या तपासणीने होते.

आधी कागद, मग पाना

तपासणीचा सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत अधिक बोलका भाग म्हणजे नोंदींचे वाचन. एअरफ्रेम (म्हणजे विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रॉपेलर यांची लॉगबुके पहिल्या दिवसापासून सलग आहेत का, हे प्रथम पाहावे. विमान हलवण्यापूर्वीच त्यांच्या सर्व पानांच्या स्कॅन केलेल्या प्रती मागवून घ्याव्यात. प्रती द्यायला विक्रेता खळखळ करत असेल, तर तेथेच थांबण्यास हरकत नाही. विमानावरील, इंजिनावरील आणि प्रॉपेलरवरील पट्ट्यांचे अनुक्रमांक नोंदींशी व नोंदणी-प्रमाणपत्राशी जुळवावेत, आणि विमानावर कर्जाचा बोजा नाही याची खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी.

लॉगबुक वाचताना जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते अधिक सांगून जाते. समजा, एकाच महिन्यात प्रॉपेलर बदलल्याची नोंद आहे, त्याच आठवड्यात इंजिन उघडून तपासल्याची नोंद आहे आणि पोटाखालचे दोन पत्रे व एक अँटेना नवी बसवल्याची नोंद आहे. कारण मात्र कोठेच नाही. चाके आत मिटणाऱ्या विमानाच्या बाबतीत हे वाचून अनुभवी माणूस एकच प्रश्न विचारतो : विमान चाके बाहेर न काढता पोटावर उतरले होते काय? असा अपघात व्यवस्थित दुरुस्त झालेला असेल, तर विमान घेण्यास अडचण नाही. लपवाछपवी मात्र पुढच्या प्रत्येक विधानावर संशय निर्माण करते. त्याचप्रमाणे दोन वार्षिक तपासण्यांच्या दरम्यान तासांची संख्या जवळजवळ हललेलीच नाही, अशी वर्षे शोधावीत. ‘फक्त इतकेच तास उडालेले’ हे वाक्य जाहिरातीत मानाने मिरवते. पण पिस्टन इंजिनाला बसून राहणे उडण्यापेक्षा जास्त मारक असते.

नियामकांनी काढलेले बंधनकारक आदेश, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, ज्यांना बोलताना सगळे एडी म्हणतात, त्यांची यादी अभियंत्याने स्वतः अनुक्रमांकावरून नव्याने तयार करावी. ‘सर्व एडी पूर्ण’ ही एका ओळीची नोंद पुरेशी नाही. कोणता आदेश, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेला व किती तासांवर पाळला, आणि तो पुन्हा कधी देय आहे, इतके सर्व दिसले पाहिजे.

कागद आणि धातू यांचा संबंध किती जवळचा आहे, हे पायपर पीए-२८ मालिकेच्या उदाहरणावरून समजते. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत डेटोना बीच येथे प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या पायपर ॲरोचा डावा पंख हवेत निखळला आणि विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. पंखाच्या मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईच्या, खालच्या भागात, बोल्टच्या छिद्राशी, धातूला थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर अमेरिकी नियामकाने काढलेल्या २०२०-२६-१६ क्रमांकाच्या आदेशानुसार ठरावीक वापर झालेल्या विमानांत ही छिद्रे ‘एडी करंट’ पद्धतीने, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून न दिसणारी चीर शोधण्याच्या पद्धतीने, तपासावी लागतात (या ‘एडी’चा वरच्या आदेशांशी संबंध नाही). हा वापर मोजताना विमानाने किती शंभर-तासी तपासण्या पाहिल्या, हे विचारात घेतले जाते, कारण अशा तपासण्या मुख्यतः प्रशिक्षणातील आणि भाड्याने दिलेल्या विमानांच्या होतात आणि त्या विमानांनी पंखांवर अधिक ताण सोसलेला असतो. नोंदी गहाळ किंवा अपूर्ण असतील, तर तेवढ्यानेच विमान या आदेशाच्या कक्षेत येते. लॉगबुक हरवल्याने किंमत का उतरते, याचे याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

‘ओव्हरहॉल केलेले’, म्हणजे पूर्ण सुटे करून, भाग तपासून-बदलून पुन्हा जोडलेले, ‘इंजिन’ या शब्दांमागेही बरेच काही दडलेले असते. ओव्हरहॉल करताना भाग नव्या मापांत आणले की फक्त चालू शकतील अशा कमाल झिजेच्या मर्यादेत ठेवले, ते कोणत्या कार्यशाळेने केले, किती साली केले, आणि कोणते भाग नवे घातले, हे कामाच्या कागदांवरून तपासावे. केवळ सिलिंडर बदलले असतील तर तो ‘टॉप’ होय, संपूर्ण ओव्हरहॉल नव्हे. अनेक लायकॉमिंग इंजिनांचे ओव्हरहॉल २,००० तासांनी करावे, अशी कंपनीची शिफारस आहे. परंतु तितके तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी ओव्हरहॉल करावे, अशीही तिची शिफारस आहे. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी ओव्हरहॉल होऊन तीनशे तास चाललेल्या इंजिनाला ‘जवळजवळ नवे’ समजून त्याची किंमत लावू नये. किंमत ठरवताना ते संपलेलेच इंजिन धरावे आणि पुढे जितके चालेल तितका फायदा मानावा.

इंजिन

विक्रेत्याला इंजिन आधी सुरू न करण्याची विनंती करावी, म्हणजे थंड इंजिन कसे सुरू होते, हे पाहता येते. त्यानंतर इंजिन गरम असतानाच सिलिंडरची दाबचाचणी करावी. या चाचणीत ८० पीएसआय दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडतात आणि त्यांपैकी किती टिकते ते पाहतात. ‘७२ बाय ८०’ असे आकडे लॉगबुकात दिसतात ते हेच. आकड्याइतकेच महत्त्व हवा कोठून निसटते याला आहे. एक्झॉस्टच्या नळीला कान लावल्यावर सुसकारा ऐकू आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या वाटेतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर पिस्टनच्या रिंगा, असा अर्थ होतो. एकट्या आकड्यावर मात्र निर्णय करू नये, कारण तोच सिलिंडर दोन दिवसांत दोन वेगळे आकडे देऊ शकतो. कॉन्टिनेंटल कंपनीने २००३ सालच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये दाबचाचणीसोबत बोरस्कोपने, म्हणजे सिलिंडरच्या आत सोडता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, पाहणीही सांगितली, ती याच जाणिवेने. बोरस्कोपमध्ये निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जळक्या रंगांची वर्तुळे मध्यभागापासून सर्व बाजूंना सारखी दिसतात. रंग एका कडेला सरकलेले असतील, तर त्या कडेने उष्ण वायू निसटत आहे आणि तो व्हॉल्व्ह जळण्याच्या वाटेवर आहे, असे समजावे. ही छायाचित्रे अहवालात मागूनच घ्यावीत.

यानंतरची बाब सर्वांत खर्चिक असूनही बहुतेक प्रीबायमध्ये ती राहूनच जाते. बहुतेक लायकॉमिंग इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, वर असतो. विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल खाली निथळते, उघड्या धातूवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि इंजिन पुन्हा नियमित चालू लागले की त्या खड्ड्यांपासून कॅमचा आणि त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. दाबचाचणीत याचा मागमूस लागत नाही. इंजिन व्यवस्थित सुरू होते, आवाजही नेहमीसारखाच असतो. उपाय म्हणजे संपूर्ण इंजिन उघडणे, आणि तो खर्च लहान विमानाच्या किमतीचा लक्षणीय हिस्सा असू शकतो. नोंदींत बसून राहिल्याची वर्षे दिसत असतील, तर एखादा सिलिंडर काढून कॅम प्रत्यक्ष पाहू देण्याची मागणी करावी. सिलिंडर काढण्यात स्वतःची जोखीम असते आणि विक्रेते सहसा कचरतात, हे खरे. तरीही किमान प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो याचे मोजमाप करून कॅमच्या झिजेचा अंदाज घेता येतो.

तेलाचा फिल्टर कापून त्याची घडीदार जाळी उलगडून उजेडात पाहावी. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे असतात आणि कॅम-टॅपेटकडे बोट दाखवतात. येथे एक पळवाट ध्यानात घ्यावी : फिल्टर कालच बदललेला असेल, तर त्यात काहीच सापडणार नाही. म्हणून तो किती तास चालला आहे हे विचारावे आणि आधीचे तेल-चाचणीचे अहवाल मागावेत. एकच नमुना फारसे सांगत नाही. वर्षांचा कल सांगतो.

मफलर आवरण काढून पाहावा, कारण त्याच आवरणातून केबिनची गरम हवा येते आणि तडकलेल्या मफलरमधून कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या मॅग्नेटोची पाचशे तासांची तपासणी कधी झाली, इंधन आणि तेलाच्या रबरी नळ्यांवर कोणत्या वर्षाची पट्टी आहे, हेही टिपून घ्यावे.

गंज आणि जुन्या जखमा

इंजिन बदलता येते, प्रॉपेलर बदलता येतो; पण गंजलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च अनेकदा विमानापेक्षा मोठा ठरतो. म्हणून वेळ आणि पैसा मर्यादित असेल, तर मी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची तपासणी मागे ठेवून पंख आणि पोटाखालची झाकणे आधी उघडायला सांगेन. विमान आजवर कोठे उभे होते, हे नोंदींतील कार्यशाळांच्या पत्त्यांवरून कळते. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

ॲल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीच्या किंवा रंगाखालच्या बारीक, वळवळत्या रेषांच्या रूपात दिसतो. स्पारच्या कडेला धातू पानापानांनी फुगलेला दिसला, तर तो अंतर्भागातला गंज असतो आणि तो घासून जात नाही. बॅटरीच्या पेटीभोवती, एक्झॉस्टचा धूर जेथे पोटावर पसरतो त्या पट्ट्यात, बिजागरींत, गालिचाखाली आणि ध्वनिरोधक अस्तराच्या मागे आवर्जून पाहावे. उंदरांची घरटी दिसली तर ती नुसती झाडून थांबू नये. त्यांच्या मूत्राने पत्रा आतून खाल्लेला असतो.

अस्तरामागे पाहण्याचा आग्रह कशासाठी, याचे उत्तर स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा दांडा, नसलेल्या सेसना २१० विमानांनी दिले आहे. २६ मे २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षणावर असलेल्या सेसना टी२१०एमचा पंख तुटला आणि आतील दोघे दगावले. केबिनच्या छतातून दोन्ही पंखांना जोडणाऱ्या स्पारमध्ये गंजाच्या एका खड्ड्यापासून चीर सुरू झाली होती. हा स्पार छताच्या अस्तरामागे असतो. अस्तर सोडवल्याशिवाय त्याची अवस्था कळत नाही.

जुन्या अपघातांच्या खुणा पत्र्यावर वाचता येतात. रिव्हेटांची एखादी ओळ शेजारच्या ओळीपेक्षा वेगळ्या आकाराची असणे, एकाच पंखाचा पत्रा अधिक गुळगुळीत असणे, इंजिनामागच्या फायरवॉलच्या खालच्या भागाला सुरकुती असणे, ही चिन्हे नोंदींशी ताडून पाहावीत. फायरवॉलची सुरकुती पुढच्या चाकावर आदळलेल्या उतरणीची असते. पंखाखाली रिव्हेटांपासून मागे गेलेला निळसर डाग म्हणजे झिरपून वाळलेले एव्हगॅस, अर्थात विमानाचे पेट्रोल. विमान नुकतेच रंगवले असेल, तर रंगानंतर नियंत्रण-पृष्ठांचे संतुलन तपासल्याची नोंद मागावी, कारण रंगाच्या वजनाने संतुलन बिघडून ती पृष्ठे हवेत थरथरू शकतात. नियंत्रणाच्या तारांवरून, विशेषतः पुलींजवळ, कापडाचा तुकडा फिरवावा; तुटलेला धागा कापडाला अडकतो.

उरलेल्या यंत्रणा आणि उड्डाण

मिटणारी चाके असतील, तर विमान जॅकवर घेऊन ती अनेकदा मिटवावी-उघडावी आणि आणीबाणीची पद्धतही चालवून पाहावी. एअरस्पीड, उंची, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, ऑटोपायलट आणि ट्रिम यांची खरी परीक्षा हवेतच होते. त्यासाठी त्या मॉडेलचा सराव असलेल्या वैमानिकाने पूर्ण शक्तीवर चढाई करावी, इंजिनाची तापमाने स्थिर होईपर्यंत सरळ उडावे, हात सोडल्यावर विमान कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे, आणि उतरल्यावर काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, काढून नव्याने तेल कोठे ओघळले ते तपासावे. वजन आणि संतुलनाचा चालू कागद व उपकरणांची यादी प्रत्यक्षाशी जुळते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. वर्षानुवर्षे उपकरणे बसवत गेलेल्या विमानाची उपयुक्त भारक्षमता कागदावरील आकड्यापेक्षा कमी भरते.

टर्बाइन इंजिन असेल तर तासांसोबत चक्रांची, म्हणजे सुरू-बंद होण्याची, संख्या मोजावी लागते, ‘हॉट सेक्शन’ची, म्हणजे इंजिनातील सर्वांत तापणाऱ्या भागाची, तपासणी कधी झाली ते पाहावे लागते, आणि हे काम त्या इंजिनाची अधिकृत कार्यशाळाच करू जाणे.

अहवाल आणि सौदा

अहवाल खरेदीदाराच्या नावे, छायाचित्रांसह आणि तीन गटांत मागावा : आत्ताच उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे दोष, वर्ष-दोन वर्षांत खर्च मागणारे दोष, आणि केवळ माहितीसाठी नोंदवलेल्या बाबी. जुन्या विमानाचा अहवाल निष्कलंक येत नाही. वीस-पंचवीस नोंदी पाहून घाबरून जाऊ नये. पहिल्या गटाचा खर्च करारानुसार विक्रेत्याकडे जातो. दुसऱ्या गटाची बेरीज विचारलेल्या किमतीत मिळवावी आणि तीच विमानाची खरी किंमत समजून, तितक्याला ते घ्यावेसे वाटते का, असे स्वतःला विचारावे. सांगाड्यात खोल गंज, न सांगितलेला मोठा अपघात किंवा न जुळणारे अनुक्रमांक निघाले, तर सवलतीची चर्चाच करू नये. तपासणीचे पैसे देऊन बाहेर पडावे. तोपर्यंत झालेल्या खर्चाकडे पाहून पुढे जाण्याचा मोह तेव्हाच सर्वाधिक असतो.

दुरुस्त्या विक्रेत्याने करायच्या ठरल्या असतील, तर त्या कोठे व्हायच्या हे खरेदीदाराच्या अभियंत्याला मान्य असावे आणि झालेले काम त्यानेच पुन्हा पाहावे. बदललेल्या भागांची प्रमाणपत्रे, लॉगबुकातील सह्या आणि मूळ लॉगबुके हाती आल्यावरच एस्क्रो खात्यातील रक्कम विक्रेत्याला देण्याची सूचना करावी.